शेवटच्या सामन्याची पानं

सातपुते गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, "कोण बोलतंय?" पलीकडून त्याच्या कारखान्यातला कुणी मल्याळी माणूस हिंदीत सांगत होता, की सातपुते साब सकाळी शिफ्टवर आले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. मी त्या माणसाचं नाव विचारलं, नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि कारखान्याच्या ऑफिसात दुसरा फोन करून खात्री करून घेतली. माझी बायको उषा शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती. "माणूस गेल्याचीसुद्धा पावती लागते का हो तुम्हाला?" एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. मला रडू आलं ते दुसरा फोन झाल्यावर. माझं सगळं असंच, खात्री झाल्याशिवाय काही होत नाही. याला आता दोन महिने होतील.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. शारजात एका कंत्राटदार कंपनीच्या स्टोअर्समध्ये मी वीस वर्षं काढली. खोक्यावर पन्नास लिहिलेलं असलं तरी आत अठ्ठेचाळीसच निघतात, हे नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो, आणि पुढे ते माणसांनाही लावायला लागलो. कुणी फार गोड बोललं की याला काय हवंय असं मनात येतं. कुणी गप्प बसलं की हा काय लपवतोय असं येतं. उषा म्हणते, देवळात गेले तरी हे प्रसाद हुंगून बघतात. म्हणू दे.

सातपुत्याची ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीतली. उम्म अल कुवैनला सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. धिप्पाड, सावकाश चालणारा, सावकाश बोलणारा माणूस. बायको-मुलगी तेव्हा अजून गावाकडेच होत्या. आरतीनंतर काही मंडळी चहाला आमच्या घरी आली त्यात तो होता. हॉलमध्ये भिंतीवर आमच्या आजोबांच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा फोटो आहे, पहिल्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीचा. अकरा पोरं, मध्ये खुर्चीवर प्रिन्सिपॉल, पुढ्यात वादीने आवळलेला तो जाड्या चामड्याचा चेंडू. सातपुते कप हातात घेऊन त्या फोटोसमोर इतका वेळ उभा राहिला, की मला वाटलं याला फ्रेम आवडली असावी. मग वळून म्हणाला, "जोगळेकर साहेब, हा डावीकडून पहिला उभा आहे ना, तो माझा आजोबा. गोलकीपर."

माझा विश्वास बसला असेल असं वाटतं का तुम्हाला? परमुलखात लोक काय वाटेल ते सांगून ओळख काढतात. कुणी गाववाला निघतो, कुणी मावसभावाचा वर्गमित्र निघतो, आणि तिसऱ्या भेटीत कंपनीत चिकटवून द्या म्हणून बायोडेटा काढतो. मी विचारलं, "सातपुते म्हणजे मूळचे कुठले?" तो म्हणाला, सातारा जिल्हा. मी म्हटलं, "तसं नाही, म्हणजे सातपुते म्हणजे नक्की..." तो हसला आणि पुन्हा म्हणाला, "सातारा जिल्हाच." मला काय विचारायचं होतं ते त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण विचारलं होतं हे खरं आहे. आणि एकदा नाही, दोनदा.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, तो आजोबांची वही घेऊन आला. काळ्या पुठ्ठ्याची, शिवणीतून सुटत आलेली. त्या एका सीझनचे सगळे सामने त्या गोलकीपरने लिहून ठेवले होते. वही हातात द्यायला मात्र तो तयार नव्हता. "अक्षर तुम्हाला लागायचं नाही, मी वाचतो," म्हणाला. तिथून आमचे शुक्रवार सुरू झाले. साडेअकराला त्याची जुनी गाडी खाली लागायची, येताना बेकरीतून गरम खबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा, आमच्याकडे वरणभात-भाजी व्हायची, आणि जेवण झालं की तो एक सामना वाचायचा. एकच. दुसरा पुढच्या खेपेला. वर्षभरात आम्ही अरे-तुरेवर आलो, हाक मारताना सातपुत्याचा दत्ता झाला. उषा तर त्याच्यासाठी लिंबाचं लोणचं वेगळ्या बरणीत भरून ठेवायची.

काय सामने होते ते. रेल्वे वर्कशॉपच्या टीमबरोबर चिखलात खेळलेला, ज्यात दोन्हीकडचे कपडे एकाच रंगाचे झाले म्हणून आमच्याच पोराने आमच्याच पोराला पाडलं. खडकीच्या गोऱ्या शिपायांबरोबरचा, ते बूट घालून आणि आमची पोरं अनवाणी, अंगठ्याला नुसती चिंधी. सामना संपल्यावर एका शिपायाने आपले बूट काढून आमच्या कॅप्टनला दिले, ते त्याला दोन बोटं मोठे झाले, तरी त्याने ते घालून सगळ्या हॉस्टेलला चक्कर मारली. चेंडूची भानगड तर मला ठाऊकच नव्हती. आतलं ब्लॅडर तेव्हा तोंडाने फुगवायचे, नळीला दोरा बांधायचा, ती आत दडपायची आणि वरून वादी ओवून चामडं आवळायचं. सामन्याच्या मध्यात हवा गेली की पुन्हा सगळं उसवा आणि फुगवा. "माझी छाती मोठी म्हणून हे काम माझ्याकडे," असं वहीत होतं. माझे आजोबाही वहीत होते, गोलच्या पुढचे डाव्या बाजूचे बॅक. "जोगळेकराच्या बाजूने कोणी येत नाही," असं एका सामन्यात लिहिलेलं ऐकलं तेव्हा माझी कॉलर ताठ झाली.

आणि तरीही संशय जाईना. ते बुटाचं प्रकरण फारच गोळीबंद वाटायचं. हा माणूस आठवडाभर कारखान्यात बसून रचत तर नसेल? माझ्या आजोबांबद्दल बरं लिहिलंय ते मला खूश करायला तर नसेल? एकदा तो हात धुवायला गेला असताना मी वही उघडून पाहिली. शाई खरंच जुनी होती, अक्षर लावून बघितलं तर मी वाचू शकत होतो. तो परत यायच्या आत एवढंच पाहता आलं. बाहेर येऊन त्याने वही कशी ठेवली आहे ते बघितलं आणि ती उचलून आपल्याजवळ ठेवली.

खरा संशय बळावला तो शेवटच्या सामन्यावरून. टीम फायनलला पोचली आणि एका गोलाने हरली, हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ होतं. आजोबांच्या गुडघ्याला त्या सामन्यात मार बसला, ते अर्ध्यातून बाहेर आले, त्या काळी बदली खेळाडू नसायचा, राहिलेले दहा जण हरले. म्हातारपणी आजोबा तो गुडघा चोळत बसायचे आणि आम्ही नातवंडं पायाशी बसून ऐकायचो. पण सातपुत्याची वही काही फायनलला पोचेना. सेमीफायनल वाचून झाली, मग म्हणे अक्षर पुसट आहे. मग म्हणे पानं ओली होऊन चिकटली आहेत. मग आधीचेच सामने पुन्हा वाचायला लागला. मी विचारलं की, "वाचू की, इन्शाल्ला," म्हणायचा आणि खबूस मोडायला घ्यायचा. या मुलखात इन्शाल्ला म्हटलं की काम होणार नाही हे स्टोअर्समधल्या शिपायालाही कळतं.

एका रजेत मी पुण्याला गेलो तेव्हा मुद्दाम त्या कॉलेजात गेलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. तिथल्या लायब्ररीत जुन्या मासिकांचे गठ्ठे काढायला लावले, चार दिवस धूळ खाल्ली. वहीतला प्रत्येक सामना जुळला. तारीख, गोल, सगळं. गोऱ्यांचा सामनासुद्धा होता. म्हणजे सातपुते थापा मारत नव्हता. दुसऱ्या कुणाचं यावर समाधान झालं असतं. मी रिक्षात बसून विचार करत होतो, की सगळं खरं आहे तर मग हा लपवतोय काय? फायनलबद्दल मासिकात दोनच ओळी होत्या. एका गोलाने पराभव, आणि आपल्या बाजूला अखेरीस दहाच खेळाडू. माझे आजोबा तर बाहेर. मग उरलं कोण? गोल कुणी खाल्ला? घर येईपर्यंत मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

शारजाला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी ती झेरॉक्स त्याच्या ताटाशेजारी ठेवली. वहिनी आणि त्याची मुलगी प्राची तोवर इकडे आल्या होत्या. त्या दिवशी दोघी आत उषाजवळ होत्या. मी म्हटलं, "दत्ता, तुझ्या आजोबांनी सोडला ना गोल? म्हणून वाचत नाहीस." त्याने हात पुसून झेरॉक्सवरच्या त्या दोन ओळी वाचल्या. मग म्हणाला, "तसंच काहीतरी असणार."

"असणार म्हणजे? लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय. सोडला." मग त्याने कागदाची नीट घडी करून मला परत दिली. "झालं तुझं समाधान? आता चहा सांग."

झालं होतं ना. इतकं झालं होतं, की पुढच्या मंडळाच्या जेवणावळीत मी चारचौघांत त्याची ओळख करून दिली, "हे सातपुते, फायनलला गोल सोडणाऱ्या गोलकीपरचे नातू." लोक हसले. तोही हसला. मग तो विनोदच होऊन बसला, कुठेही भेटले की लोक "काय सातपुते, आज काय सोडलं?" असं विचारायचे. प्राची तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. एकदा ती ताट घेऊन बाजूलाच उभी होती, तिने बापाकडे पाहिलं आणि पानातलं तसंच ठेवून निघून गेली. मला वाटलं, हल्लीच्या मुलांना थट्टा कळत नाही. सातपुते शुक्रवारी यायचा तसा येत राहिला. वाचन मात्र बंद झालं. आम्ही क्रिकेट बघायचो.

गेल्या वर्षीच्या रजेची गोष्ट. इथली एक रीत आहे. इंडियाला निघालेल्या माणसाकडे सगळे काही ना काही देतात, औषध, कपडे, खजूर, आणि नेणाऱ्याने ते उघडून बघून घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या पिशवीत भलतंच काही निघालं तर विमानतळावर तुमचं कोण ऐकून घेणार? म्हणून देणारा स्वतःच पिशवी उघडी आणतो, त्यात कुणी राग मानत नाही. सातपुते आला तो चारी बाजूंनी तपकिरी टेप मारलेलं पाकीट घेऊन. साताऱ्याला त्याच्या थोरल्या भावाला द्यायचं होतं.

"उघड," मी म्हटलं.

"कागद आहेत रे."

"कागद आहेत ते दिसतंय. उघड."

तो म्हणाला, "एवढं एकदा न उघडता ने. तुला मी आजवर काही मागितलेलं नाही." ते खरं होतं. दहा वर्षांत त्याने बायोडेटा काढला नव्हता की कुणाला चिकटवायला सांगितलं नव्हतं. पण मी माझ्या सख्ख्या भावाचं लोणचंसुद्धा झाकण काढून बघतो. नाही म्हणालो. त्याने पाकीट काखेत धरलं, "बरं, खलास," म्हणाला आणि जेवायला बसला. मी मात्र रजाभर तेच चघळत होतो. वही परस्पर छापायला देतोय का? आमच्या फोटोसकट? माझं नाव गाळून? भाऊ कुठल्या प्रेसमध्ये आहे का, याची मी साताऱ्याच्या एका ओळखीच्याकडे चौकशीसुद्धा केली. भाऊ शाळेतून रिटायर झालेला मास्तर होता. त्याच वर्षी तो वारला.

सातपुत्याला घरी नेणं, कागदपत्रं, विमान, ते सगळं कारखान्याने केलं. दिवस-वार आटोपून वहिनी आणि प्राची इथलं घर आवरायला परत आल्या, आणि एका शुक्रवारी आमच्याकडे आल्या. त्याच वेळेला, साडेअकराला. गाडीचा आवाज ऐकून उषाच्या हातून पळी पडली. वहिनींनी वही पुढे ठेवली, म्हणाल्या, "ही तुमच्याकडे राहू दे. ऐकलीत तुम्हीच." मग पिशवीतून ते टेपचं पाकीट काढलं. "यात वहीचीच पानं आहेत म्हणायचे. भावोजींकडे पाठवायची होती, तेही गेले. काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही, पण आता कुणाला देऊ?"

मी पाकीट उघडलं ते त्यांच्यादेखतच. सवय. आत पाच-सहा पानं होती, शिवणीपासून ब्लेडने अगदी सरळ कापलेली. वर फायनलची तारीख. वहिनी म्हणाल्या, "वाचा ना." मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागलो.

पहिलं पान ठीक होतं. मैदान, माणसांची गर्दी, बँड. मध्यंतराच्या आधी दुसऱ्या टीमच्या एकाचा गुडघा गोलकीपरच्या तोंडावर बसला, ओठ फाटला, पुढचा दात हलला. तेवढ्यात चेंडूची हवा गेली. वादी सोडवून ब्लॅडर बाहेर काढलं, पण त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, फुंकणं शक्य नव्हतं. जवळ उभा होता त्याच्या हातात त्याने ती नळी धुऊन, पुसून दिली. जवळ उभा होता जोगळेकर...

इथे मी थांबलो. डोळे पुढच्या ओळीवर गेले होते. अक्षर पुसट आहे, लागत नाही, हे शब्द अगदी ओठावर आले होते. समोर मोडी-बिडी काही नव्हती, साधं बाळबोध अक्षर होतं, पण त्या मायलेकींनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. ते वाक्य मी आधी कुणाच्या तोंडून ऐकलंय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"गो ऑन, अंकल," प्राची म्हणाली.

वाचलं. "जोगळेकर म्हणाला, ह्याच्या तोंडातले मी तोंडात घेणार नाही. कॅप्टन म्हणाला, वर्षभर त्याने फुगविलेला चेंडूच तू खेळतो आहेस. जोगळेकर म्हणाला, पायाने खेळतो. कॅप्टन म्हणाला, मग फुगव नाहीतर बाहेर जा. तो बाहेर गेला. कोट अंगात घालून सरळ चालत गेला." नंतर कॅप्टनने स्वतः ब्लॅडर फुगवलं. शेवटच्या दहा मिनिटांत डावी बाजू मोकळी मिळाली, तिथून दोघे जण आले आणि एकट्या गोलकीपरसमोर गोल झाला. खाली लिहिलं होतं, "जोगळेकर असता तर चेंडू माझ्यापर्यंत आलाच नसता. आमच्यात त्याच्यासारखा बॅक नाही. गोलाचे दुःख आहेच, पण तो सरळ चालत गेला ते डोळ्यांपुढून जात नाही."

मला आश्चर्य वाटलं नाही. हेच जास्त वाईट. पुण्याच्या आमच्या घरी मागच्या ओसरीत फळीवर एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे, तो कुणासाठी ते मी लहानपणीच शिकलो होतो. आजोबा असं करणं शक्य नाही, असं माझ्या मनात क्षणभरसुद्धा आलं नाही. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, फक्त त्या गुडघ्यावर घेतला नाही. पायऱ्या चढताना ते कधी लंगडल्याचं मला आठवत नाही, आणि हे मला पंचावन्नाव्या वर्षी सुचलं. सातपुत्याला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं पाठ होतं. फोटोसमोर उभा राहिला तेव्हाही. सातपुते म्हणजे नक्की कुठले, असं मी विचारत होतो तेव्हाही. तरी तो दहा वर्षं दर शुक्रवारी माझ्या टेबलाशी बसून जेवला, आणि मला कळू नये म्हणून ती पानं कापून घराबाहेर काढायची धडपड केली. मला तो फार आवडायचा. हे त्याला एकदाही सांगितलं नाही, कारण मला वाटायचं याच्या मनात काहीतरी आहे. होतंच.

उषा माझ्या हातातली पानं काढून घेत होती ते मला कळलं नाही. वहिनी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. प्राचीने विचारलं, "सो ही डिडन्ट लीव्ह द गोल?"

"नाही," मी म्हटलं.

"देन व्हाय डिड पपा से यस?"

"मला वाईट वाटू नये म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे थेट बापासारखे आहेत, घाई नाही. "बट यू टोल्ड एव्हरीबडी, अंकल."

"हो," मी म्हटलं.

जाताना वहिनी दारात थांबल्या. आवाज चढवला नाही, त्यांना ते येत नाही. "तेव्हा सगळ्यांना सांगितलंत ना भाऊजी," म्हणाल्या, "आता हेही सांगा."

मंडळात सांगून झालं. पुढच्या सभेत उभा राहिलो आणि ती पानं जशीच्या तशी वाचली, आडनावासकट. कुणी हसलं नाही. पण तो विनोद माझ्यामुळे पार पुण्यापर्यंत गेला होता, म्हणून इथे लिहायचं ठरवलं, आणि लिहिण्याआधी पुण्याला थोरल्या भावाला फोन केला. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वसंता, नव्वद वर्षं झाली. घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे."

मी म्हटलं, "दादा, घरात नाही झाली ती. मैदानात झाली, सगळ्यांच्या देखत."